कोपराचं टोक मोडतं तेव्हा

दुचाकी घसरली किंवा न्हाणीघरात पाय सरकला की माणूस दोन तऱ्हांनी पडतो. एक तर तळहात पुढे टेकतो, नाही तर हात आखडून थेट कोपरावर आपटतो. त्यामुळे ‘पडलात कसे?’ हा अपघात विभागातला पहिला प्रश्न असतो. त्या उत्तरावरूनच काय मोडलं असेल याचा निम्मा अंदाज येतो. तळहातावर पडलेल्या मोठ्या माणसाचं बहुधा बाहेरच्या बाजूचं रेडियसचं डोकं, म्हणजे अंगठ्याकडच्या हाडाचं कोपरातलं टोक, तडकतं. पाच-सात वर्षांच्या मुलाचं दंडाचं हाड कोपराच्या जरा वर मोडतं. थेट आपटलं, तर जे टोक टेबलावर टेकवून आपण बसतो, तेच दुभंगतं. डॉक्टर त्याला ओलेक्रॅनन म्हणतात. इथे मुख्यतः त्याच टोकाची हकिकत आहे. शस्त्रक्रियागृहातला एक तास आणि फिजिओच्या खोलीतले तीन महिने, अशी तिची साधारण विभागणी.

दवाखान्यात पोचण्याआधीचं सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे त्या हातातल्या अंगठ्या, बांगड्या, घड्याळ, मनगटाचा दोरा ताबडतोब काढणं. तासा-दोन तासांत बोटं सुजतात आणि मग अंगठी साबणानेही निघत नाही, कापावी लागते. सोन्याची अंगठी कापताना नातेवाइकांचा जीव जास्त कासावीस होतो, हे नेहमीचंच दृश्य. हात जसा असेल तसाच, ओढाताण न करता, ओढणीने किंवा उपरण्याने गळ्यात अडकवायचा. भूल द्यावी लागेल हे गृहीत धरून वाटेत चहा-बिस्किटंही देऊ नयेत.

तपासणीत डॉक्टर कोपराच्या मागे बोट फिरवतात. मोडलेल्या टोकाच्या आणि खालच्या हाडाच्या मध्ये बोटाला चक्क खाच लागते. दंडाच्या मागचा ट्रायसेप्स हा स्नायू याच टोकाला बांधलेला असतो. टोक सुटलं की तो स्नायू त्याला वर ओढून नेतो. मग रुग्णाला सांगतात, ‘हात डोक्यावर न्या आणि कोपर सरळ करा.’ ते जमलं नाही तर हात सरळ करणारी दोरीच तुटली, असं समजायचं. ही साधी चाचणी एक्स-रेइतकीच बोलकी आहे.

त्याच वेळी नसा तपासायच्या असतात आणि घाईत नेमकं तेच राहून जातं. कोपर कुठे तरी आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, ती अल्नार नस या टोकाच्या आतल्या कडेलाच असते. करंगळी बधिर आहे का, बोटं फाकवता येतात का, अंगठा आणि तर्जनीचा गोल करता येतो का, हे तिन्ही पाहून कागदावर लिहून ठेवायचं. आधी नोंद नसली आणि शस्त्रक्रियेनंतर बधिरपणा दिसला, तर तो पडल्यामुळे आला की ऑपरेशनमुळे, याचं उत्तर कुणाकडेच नसतं. रुग्णानेही स्वतःहून ‘माझी करंगळी झोपल्यासारखी वाटतेय’ असं सांगावं.

एक्स-रे बरोबर बाजूने काढलेला हवा. तिरका काढला तर फट लहान दिसते किंवा सांध्याच्या आतला पृष्ठभाग बसला आहे हे कळत नाही. चार-पाच तुकडे असतील किंवा सांधा निखळला असेल तर सीटी स्कॅन सांगतात. फट दोन मिलिमीटरपेक्षा कमी असेल आणि हात सरळ करता येत असेल, तर स्लॅब (एका बाजूचं अर्धं प्लास्टर) घालून काही आठवडे भागतं, पण दर आठवड्याला एक्स-रे काढून टोक सरकलं नाही ना हे पाहावं लागतं. पंचाहत्तरी ओलांडलेल्या, घरातल्या घरात वावरणाऱ्या माणसात फट असूनही कधी कधी शस्त्रक्रिया टाळतात. त्यांची त्वचा कागदासारखी पातळ असते, हाड ठिसूळ असतं आणि जखम चिघळण्याचा धोका फायद्यापेक्षा मोठा ठरतो. असा हात थोडा कमजोर राहतो, पण घास तोंडाशी जातो. बाकी बहुतेकांना तार किंवा प्लेट लागते.

‘प्लास्टर घालून का नाही भागत?’ हा प्रश्न घरचे हमखास विचारतात. हात सरळ ठेवून सहा आठवडे प्लास्टर घातलं तर हाड कदाचित जुळेलही, पण कोपर वाकणार नाही. खांदा महिनाभर बांधून ठेवला तर तो पुढे मोकळा होतो, मनगटही बरंच परत येतं. कोपर मात्र पटकन रुसतं. एकाच पिशवीत तीन सांधे कोंबलेले, पुढून-मागून स्नायू घट्ट चिकटलेले आणि पिशवीचं अस्तर इजेनंतर झपाट्याने जाड होणारं. म्हणून इथे हाड जोडायचं ते लवकर हलवता यावं एवढ्यासाठीच. पुढचा प्रत्येक निर्णय याच हिशोबाने घेतला जातो.

किती वाकलं म्हणजे पुरे, याचंही माप आहे. १९८१ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये मॉरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी माणसांना रोजची पंधरा कामं करायला लावून कोन मोजले. बहुतेक कामं ३० ते १३० अंशांच्या पट्ट्यात होतात आणि तळहात वर-खाली फिरवायला दोन्हीकडे ५०-५० अंश लागतात, असं त्यातून निघालं. म्हणजे कोपर पूर्ण सरळ झालं नाही तरी आयुष्य अडत नाही. वाकलं नाही तर अडतं. पुढे मोबाइल आला, आणि तो कानाला लावायला १३० हून थोडं जास्तच लागतं. वेणी घालणं, ब्लाउजचे मागचे हूक लावणं ही कामं आणखी कसोटी पाहणारी.

आता तयारी. अन्न सहा तास आधी बंद. दुधाचा चहाही अन्नातच मोजतात. ‘फक्त चहाच घेतला’ म्हणून शस्त्रक्रिया पुढे ढकलल्याचे प्रकार सर्रास होतात. नुसतं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेहाची औषधं, पूर्वी कुठल्या औषधाची ॲलर्जी आली असेल तर तीही सांगायची. गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून करायचं असेल तर दाखल होण्यापूर्वीच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटून कागदपत्रं आणि एक्स-रे दाखवावेत. आधी बिल भरून नंतर योजनेत बसवणं जवळजवळ अशक्य असतं.

बहुतेकांना पूर्ण भूल लागत नाही. मानेच्या मुळाशी किंवा गळपट्टीच्या हाडाखाली सोनोग्राफीच्या मदतीने इंजेक्शन देऊन पूर्ण हात बधिर करतात. दंडाला रक्त थांबवणारा हवेचा पट्टा लावतात, पाऱ्याच्या साधारण २५० मिलिमीटर दाबावर, आणि तो दोन तासांच्या आत सोडायचा असतो. हात बधिर झाला तरी दंडाच्या आतल्या बाजूला त्या पट्ट्याची कळ काहींना जाणवते, कारण तिथली नस छातीकडून येते आणि या इंजेक्शनात सापडत नाही. सांगितलं की वरून थोडं औषध देतात; दात-ओठ खाऊन सहन करायची गरज नाही. चिरा देण्याआधी तासाभराच्या आत प्रतिजैविक शिरेतून गेलेलं असावं लागतं.

सरळ आडवं मोडलेलं टोक असेल तर तारेची पद्धत वापरतात. चिरा मागून, पण टोकाला थोडी बगल देऊन, म्हणजे पुढे टेकताना व्रण खाली येत नाही. तुकडा जागेवर आणून चिमट्याने धरतात आणि टोकापासून १.६ मिलिमीटर जाडीच्या दोन के-वायर (धातूच्या सरळ, टोकदार काड्या) समांतर आत घालतात. त्या हाडाच्या मधल्या पोकळीत सरळ न सोडता हाडाच्या पुढच्या कडक कवचात रुतवायच्या असतात. मग फटीपासून साधारण चार सेंटिमीटर खाली हाडात आडवं भोक पाडून त्यातून एक मिलिमीटरची तार ओवतात. तिचा इंग्रजी आठाचा आकार करून वर दोन्ही के-वायरना वळसा घालून, ट्रायसेप्सच्या खालून, हाडाला घासून घेतात. दोन्ही बाजूंना पीळ देऊन एकदमच ताणतात. एकाच बाजूने पीळ दिला तर दुसरी बाजू ढिली राहते. शेवटी के-वायरची टोकं वाकवून, कापून, स्नायूच्या खाली हाडात ठोकून बसवतात. यातली गंमत अशी, की रुग्ण कोपर वाकवू लागला की जी ओढ फट उघडायला निघाली होती, तीच तारेमुळे सांध्याच्या बाजूने हाडाला दाबते. म्हणून ही रचना हलवण्याकरताच बनलेली.

बिघडतं कुठे, हे एकदा समजलं की पुढच्या तक्रारींचं कोडं राहत नाही. के-वायर पुढच्या कवचात न रुतवता पोकळीत सोडली तर ती काही आठवड्यांत मागे सरकते आणि कातडीखाली टोचू लागते. तार स्नायूच्या वरून गेली तर मधलं मांस दबून गळतं, तार सैल पडते, फट पुन्हा उघडते. के-वायर पुढे फार बाहेर गेली किंवा बाहेरच्या बाजूला झुकली तर ती शेजारच्या रेडियसला घासते आणि तळहात वर फिरवताना अडतं. म्हणून टाके घालण्यापूर्वी, हात टेबलावर असतानाच, कोपर पूर्ण वाकवून, सरळ करून, तळहात दोन्हीकडे फिरवून बघायचं आणि सी-आर्मखाली, म्हणजे टेबलापाशी आणलेल्या एक्स-रे यंत्राखाली, दोन बाजूंनी फोटो घ्यायचा. या दोन मिनिटांत दुसरी शस्त्रक्रिया वाचते.

हाडाचा चुरा झालेला असेल तर तारेचा मोह आवरावा. तार दोन्ही टोकं एकमेकांवर ओढते आणि मधे भक्कम हाड नसेल तर सांध्याची खोबण आखूड होते, दंडाचं हाड तिच्यात नीट फिरत नाही. अशा वेळी मागच्या बाजूने प्लेट आणि स्क्रू लावतात. ‘तार स्वस्त, प्लेट महाग’ हा हिशोब घरच्यांच्या डोक्यात असतो, पण निवड तुकड्यांवर ठरते.

बधिरपणा आठ-बारा तास, कधी जास्तही टिकतो. त्या काळात रुग्ण खुशीत असतो आणि ‘दुखत तर काहीच नाही’ म्हणून गोळी नाकारतो. मग मध्यरात्री भूल उतरते आणि कळ एकदम उसळते. गोळी बोटांना मुंग्या येऊ लागल्या की घ्यायची, कळ येण्याची वाट पाहायची नाही. बधिर हात गळ्यातल्या पट्टीतच ठेवायचा. झोपेत तो पलंगाच्या कठड्यात अडकतो किंवा गरम किटलीला लागतो आणि कळतही नाही. उशांवर ठेवून हात छातीपेक्षा उंच, आणि दर तासाला बोटांची दहा वेळा उघड-मीट. बोटं निळी-पांढरी पडली, वेदना गोळ्यांनीही थांबेना, आणि दुसऱ्याने बोटं सरळ केल्यावर जीव जातोसं वाटलं, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णालय गाठायचं. पट्टी कातडीपर्यंत पूर्ण कापून मोकळी करावी लागते. नुसती वरची गाठ सैल करून उपयोग नाही.

व्यायाम कधी सुरू करायचा हे जोडणी किती भक्कम झाली यावर ठरतं. चांगली बसली असेल तर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून, कातडीची काळजी असेल तर आठ-दहा दिवसांनी. टाके १२ ते १४ दिवसांनी काढतात. पहिला व्यायाम असा: खुर्चीत बसायचं, पट्टी काढायची, दंड अंगाला चिकटवायचा. दंडाच्या पुढच्या स्नायूने, स्वतःच्या जोराने, हात वाकवायचा. सरळ करताना मात्र जोर लावायचा नाही, वजनाने आपोआप खाली जाऊ द्यायचा. ट्रायसेप्सने रेटून सरळ केलं तर ओढ थेट तारेवर येते. दुसरा व्यायाम, कोपर ९० अंशांत, हातात पेन्सिल उभी धरून तळहात वर आणि खाली. तिसरा, गुळगुळीत टेबलावर नॅपकिनवर हात ठेवून पुढे-मागे सरकवणं. दिवसातून पाच वेळा, प्रत्येकी दहा-पंधरा. एकदाच तासभर घासण्यापेक्षा पाच वेळा दहा मिनिटं कैक पटींनी बरं. व्यायामानंतर दहा-पंधरा मिनिटं फडक्यात गुंडाळलेला बर्फ. दुखणं अर्ध्या-पाऊण तासात उतरलं तर प्रमाण बरोबर. दुसऱ्या दिवशीपर्यंत सूज आणि ठणका राहिला तर जास्त झालं.

फिजिओकडे कोनमापक असतो. घरी मोजायची युक्ती म्हणजे हात पूर्ण वाकवून अंगठा आणि खांदा यांच्यामध्ये दुसऱ्या हाताची किती बोटं मावतात ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवणं. आठ बोटांवरून सहा, सहावरून चार, असं उतरत गेलं की माणसाला हुरूप येतो, आणि तीन आठवडे आकडा हलला नाही तर ते लपतही नाही. दोन-तीन आठवड्यांत ९० अंश, सहा आठवड्यांत ११०-१२० ही बेताची अपेक्षा. सरळ होण्यात शेवटचे दहा-पंधरा अंश अनेकांचे कायमचे जातात. त्याचं फार मनाला लावून घेऊ नये.

सहा आठवडे न करण्याच्या गोष्टी: त्या हातावर भार देऊन खुर्चीतून उठणं, भरलेली बादली उचलणं, दार ढकलणं, जड पिशव्या लटकवून बाजारातून येणं. चहाचा कप, फोन, पेन चालतं. हाड पुरतं जुळायला आठ ते बारा आठवडे लागतात. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांना आणखी.

आणि मालिश. याबद्दल जरा सविस्तर लिहायलाच हवं, कारण आमच्याकडे येणाऱ्या ताठ कोपरांच्या इतिहासात ती हटकून सापडते. ‘तेल लावून रोज चोळलं, मग शेजाऱ्याने धरून वाकवलं.’ कोपराच्या पुढे ब्रॅकिॲलिस नावाचा स्नायू हाडाला लागूनच असतो. इजेनंतर तो आधीच फाटलेला आणि रक्ताने भरलेला असतो. त्याला चोळलं, जोराने ताणलं, की शरीर तिथे नवीन हाड तयार करू लागतं. तीन-चार आठवड्यांनी एक्स-रेत ढगासारखी सावली दिसते आणि पुढे तिचं पक्कं हाड होतं. सांध्यापुढे अशी भिंत उभी राहिली की व्यायामाने ती हटत नाही. म्हणून पहिल्या काही महिन्यांत कोपराला कुणीही, म्हणजे हाडवैद्याने, आजीने किंवा उत्साही शिकाऊ फिजिओनेसुद्धा, जोर लावून वाकवायचं नाही. रुग्ण स्वतःच्या स्नायूने जेवढं वाकवेल तेवढंच. मुलांच्या बाबतीत तर एवढीही घाई नको. खेळता खेळता त्यांचं कोपर परत येतं.

मुलांची ती दंडाच्या खालच्या टोकाची मोडणी मात्र तातडीची असते. पुढे सरकलेलं टोकदार हाड हाताच्या मुख्य धमनीवर येतं. पोराचं मनगट गार, नाडी लागत नाही अशा वेळी लेप लावून बांबूच्या कामट्या घट्ट बांधल्या तर हाताचे स्नायू कायमचे मरतात आणि बोटं आकसतात. वेळेवर आलं तर भूल देऊन हाड न उघडता बसवतात, कातडीतून दोन-तीन के-वायर टोचतात आणि तीन-चार आठवड्यांनी त्या ओपीडीतच ओढून काढतात. नीट बसवलं नाही तर हात आतल्या बाजूला वाकडा, बंदुकीच्या दस्त्यासारखा राहतो. काम अडत नाही, पण दिसतं.

रेडियसच्या डोक्याची चीर दोन मिलिमीटरच्या आत असेल तर शस्त्रक्रिया नाही, प्लास्टरही नाही. दोन-चार दिवस गळ्यात हात आणि मग हालचाल. ‘मोडलंय आणि प्लास्टर नाही?’ म्हणून लोक दुसरीकडे जातात आणि महिनाभर प्लास्टर घालून ताठ हात घेऊन परत येतात. डोक्याचे तीनहून जास्त तुकडे, सोबत सांधा निखळलेला आणि सांध्याच्या खोबणीची पुढची चोच मोडलेली, अशा तिहेरी इजेत मात्र धातूचं डोकं बसवून बाहेरचा लिगामेंट (हाडांना बांधणारा पट्टा) शिवावा लागतो. कोपराच्या इजांत ही सगळ्यात खट्याळ.

न पडताही कोपर दुखतं त्यात टेनिस एल्बो पहिला. कपडे पिळणं, पोळ्या लाटणं, स्क्रू-ड्रायव्हर, माउस यांतून मनगट उचलणाऱ्या स्नायूचं मूळ झिजतं. २००४-०५ मध्ये सचिन तेंडुलकरचं हे दुखणं घराघरांत पोचलं. त्यांची शस्त्रक्रिया २००५ साली लंडनमध्ये झाली. त्यामुळे ‘मलाही ऑपरेशन लागेल का?’ असं विचारणारे पुष्कळ. बहुतेकांचं वर्षभरात वजन हळूहळू वाढवत केलेल्या व्यायामानेच थांबतं. स्टिरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे छान वाटतं, पण वर्षाअखेर इंजेक्शन घेतलेले न घेतलेल्यांच्या मागे राहतात. सहा ते बारा महिने सगळं करून झाल्यावरच झिजलेला भाग काढण्याचा विचार. भालाफेकीसारख्या खेळात कोपराची कहाणी वेगळी: नीरज चोप्राची शस्त्रक्रिया मे २०१९ मध्ये मुंबईत झाली, त्या वर्षीची जागतिक स्पर्धा हुकली, आणि जानेवारी २०२० मध्ये त्याने ८७.८६ मीटर भाला फेकून ऑलिंपिकची पात्रता मिळवली. आठ महिने, तेही पूर्णवेळ फिजिओ हाताशी असलेल्या खेळाडूला.

पुन्हा आपल्या तारेकडे. सहा-आठ आठवड्यांनंतरही कोन अडून बसला तर रोज थोडं थोडं घट्ट करता येणारी पट्टी देतात. तरीही १०० अंशांपलीकडे वाकत नसेल तर सहाएक महिन्यांनी जाड झालेली पिशवी कापून सांधा मोकळा करतात, आणि अल्नार नस त्याच वेळी सोडवून घ्यावी लागते. नाही तर कोपर वाकायला लागतं आणि करंगळी बधिर होते.

तारेची सगळ्यात सामान्य तक्रार शेवटी येते. टेबलावर कोपर टेकलं की टोचतं, थंडीत खुपतं, कातडीखाली गाठ लागते. तिथे चरबी अशी नसतेच. हाड जुळल्याचं एक्स-रेत दिसल्यावर, साधारण वर्षभराने, जुन्या व्रणातूनच तारा काढता येतात. बहुधा त्याच दिवशी घरी जाता येतं. टोचत नसेल तर काढायची गरज नाही. काढल्यावर हाडात भोकं राहतात, ती भरेपर्यंत सहा-आठ आठवडे बादली पुन्हा डाव्या हातात. डावाच मोडला असेल तर उजव्यात.